हँडीकॅम, मिररलेस की मोबाइल: घरच्या चित्रीकरणासाठी काय घ्यावे?

वनस्पती तुपाला डालडा म्हणावे, तसे आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कॅमकॉर्डरला हँडीकॅम म्हणतात. मुळात ते सोनीचे व्यापारी नाव. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम आला की खिशात चांगला मोबाइल असताना हँडीकॅम घ्यावा का, आणि घ्यायचाच तर त्याच पैशांत मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा का घेऊ नये, ही चर्चा घरोघरी होते. माझ्या मते आधी दोन गोष्टी ठरवाव्यात: आपण विषयापासून किती लांब आणि किती वेळ बसणार आहोत, आणि आवाज कसा घेणार आहोत. चित्र किती सुस्पष्ट येते, हा प्रश्न त्यानंतरचा आहे, कारण उजेड चांगला असेल तर तिन्हींचे चित्र घरच्या टीव्हीवर पाहण्याजोगे येते.

तुलनेसाठी चार साधने डोळ्यांसमोर ठेवतो: सोनीचा एचडीआर-सीएक्स४०५ हा साधा फुल एचडी हँडीकॅम, त्याच कंपनीचा एफडीआर-एएक्स४३ हा फोर-के हँडीकॅम, झेडव्ही-ई१० हा मिररलेस आणि गेल्या तीन-चार वर्षांतला कोणताही बरा मोबाइल. हँडीकॅमची नवी मॉडेल्स आता फारशी येत नाहीत, त्यामुळे यांतले काही दुकानात मिळेल आणि काही वापरलेलेच घ्यावे लागेल.

लांबून चित्रीकरण करण्यात हँडीकॅमला अजून तोड नाही. सीएक्स४०५ मध्ये ३० पट आणि एएक्स४३ मध्ये २० पट ऑप्टिकल, म्हणजे चित्र न कापता भिंगानेच होणारा, झूम आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या मापात (आकडा मोठा तितके लांबचे जवळ दिसते) सांगायचे तर एएक्स४३ चे भिंग सुमारे २७ पासून ५३६ मिलिमीटरपर्यंत जाते. झेडव्ही-ई१० सोबत मिळणारी १६-५० ची लेन्स याच मापात ७५ मिलिमीटरवर थांबते. म्हणजे सभागृहात एकाच खुर्चीवरून पाहिले तर शेवटच्या रांगेत नाचणारे आपले मूल तिच्यात सातपट लहान दिसते. ही उणीव भरून काढायला साडेतीनशे (फिल्मच्या मापात सुमारे सव्वापाचशे) मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी वेगळी लेन्स घ्यावी लागते, तिची किंमत आणि वजन दोन्ही डोईजड होतात, आणि ती पेलायला बऱ्यापैकी भक्कम ट्रायपॉडही लागतो. मोबाइलमध्ये झूमचा आकडा मोठा लिहिलेला असतो, पण तीन किंवा पाच पटींनंतर बहुधा चित्र कापून मोठे केले जाते आणि रंगमंचावरचे चेहरे मेणाचे दिसू लागतात.

मात्र हा लांबचा झूम ज्यामुळे स्वस्तात आणि हलक्या वजनात मिळतो, तीच हँडीकॅमची दुखरी बाजू आहे. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, लहान असला की लहान भिंगातही मोठा झूम बसवता येतो; पण लहान सेन्सर उजेडही कमीच गोळा करतो. एएक्स४३ चा सेन्सर १/२.५ इंची आणि सीएक्स४०५ चा तर १/५.८ इंची, झेडव्ही-ई१० च्या सेन्सरचे क्षेत्रफळ एएक्स४३ च्या ढोबळ हिशेबाने पंधरापट भरते. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सरसुद्धा या दोन्ही हँडीकॅमपेक्षा मोठा असतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. त्यामुळे समईच्या उजेडातली मंगळागौर, रात्रीची पालखी किंवा एका दिव्याच्या खोलीतली मुलाखत यांसाठी हँडीकॅम घेऊ नये. सावल्यांत तांदूळ पसरल्यासारखे दाणे दिसतात आणि ते नंतर एडिटिंगमध्येही नीट जात नाहीत.

वेळेच्या बाबतीत पारडे पुन्हा फिरते. अडीच तासांचा कार्यक्रम सलग टिपायचा असेल तर हँडीकॅम त्याच कामासाठी घडवलेला आहे: बॅटरी मागे बाहेर राहत असल्याने एएक्स४३ सारख्या मॉडेलला तीच अधिक क्षमतेची लावता येते, आणि कॅमेरा तापून बंद पडण्याची भीती कमी असते. जुन्या मिररलेस कॅमेऱ्यांत चित्रीकरण २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबत असे, त्याचे कारण युरोपातली जकात होते. अर्धा तास किंवा त्याहून अधिक सलग टिपणारा कॅमेरा तिथे व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा कर बसे. झेडव्ही-ई१० ला ती मर्यादा नाही, पण मे महिन्यात मांडवाखाली फोर-के चालू ठेवल्यास उष्णतेची मर्यादा येते, आणि तासा-दीड तासाने बॅटरी बदलावी लागते ती वेगळीच. मोबाइलचे तर विचारूच नका: तो तापतो, जागा संपते, आणि विमान मोड लावायला विसरलो तर नेमका नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात मामाचा फोन येतो.

आवाजाकडे खरेदीच्या वेळी कुणी पाहत नाही. मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या पहिल्यांदा टिपल्या तेव्हा कॅमेरा सहा-सात फुटांवर ट्रायपॉडवर होता. चित्र सुरेख आले, आणि आवाजात छताच्या पंख्याची घरघर, बाहेरची स्कूटर आणि कुठे तरी दूरवर आजी. अंतर दुप्पट झाले की माइकपाशी पोहोचणारी ध्वनीची तीव्रता चौथाई होते, त्यामुळे कॅमेऱ्यावरचा माइक कितीही चांगला असला तरी तो लांबच राहतो. दुसऱ्या वेळी तिच्या पदराला कॉलर माइक लावला, पंखा बंद केला, आणि ओवीच्या मध्ये ती श्वास घेते तोसुद्धा ऐकू आला. यासाठी कॅमेऱ्याला माइकची जागा हवी. एएक्स४३ मध्ये माइक आणि हेडफोन दोन्हींची सोय आहे, झेडव्ही-ई१० मध्येही आहे. सीएक्स४०५ मध्ये बाहेरचा माइक लावायची सोयच नाही, आणि केवळ एवढ्यासाठी मी मुलाखती टिपणाऱ्याला तो सुचवत नाही. तो आधीच घरात असेल तर मोबाइलवर आवाज वेगळा टिपावा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवावी, म्हणजे एडिटिंगच्या वेळी दोन्ही जुळवता येतात.

परदेशातल्या नातेवाइकाकडून कॅमेरा मागवणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. म्हणून आपल्याकडचे कॅमेरे सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे टिपतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथले हँडीकॅम ३० किंवा ६० चित्रांचे, आणि त्यांतल्या पुष्कळांत ही गती बदलता येत नाही. असा कॅमेरा आपल्या मंगल कार्यालयात लावला की चित्रावरून काळसर पट्टे संथपणे सरकत राहतात. शटर, म्हणजे प्रत्येक चित्र टिपण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंदावर स्थिर केल्यास पट्टे बहुतांशी जातात, परंतु स्वस्त हँडीकॅममध्ये शटर हाताने ठेवायची सोय असेलच असे नाही. मिररलेसमध्ये ती असते, आणि झेडव्ही-ई१० सारख्या कॅमेऱ्यात पॅल (२५/५० चित्रांची पद्धत) आणि एनटीएससी (३०/६० चित्रांची) यांत बदलही करता येतो.

साठवणुकीचा हिशेब सरळ आहे: १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) टिपलेल्या फोर-के चित्रीकरणाला तासाला ४५ जीबी लागतात आणि ५० एमबीपीएसच्या फुल एचडीला साडेबावीस. गॅदरिंगसाठी मला फुल एचडी पुरते.

सर्व बाजू पाहता, मुलांचे कार्यक्रम, कीर्तन, कुस्तीचा फड अशा लांबच्या आणि लांबणाऱ्या गोष्टी वर्षातून पाच-सहा वेळा टिपणार असाल तर एएक्स४३ किंवा त्याच तोलाचा हँडीकॅम घ्यावा, कारण ते काम इतर दोघे ओढूनताणूनच करतात. मुलाखती, कमी उजेडातले घरगुती समारंभ आणि छोटे माहितीपट यांकडे ओढा असेल तर मिररलेस. सहली आणि वाढदिवस एवढेच असेल, तर आहे तोच मोबाइल ठेवून त्याला एक वायरलेस माइक आणि स्थिर ट्रायपॉड जोडणे सर्वांत शहाणपणाचे, आणि त्यात पैसेही फार जात नाहीत.

वापरलेला हँडीकॅम घेत असाल तर टेपवाला, मग तो कितीही स्वस्त असो, टाळावा. मिनी-डीव्हीची एक तासाची टेप संगणकात घ्यायला एक तासच लागतो आणि त्यासाठीचे फायरवायर पोर्ट आताच्या लॅपटॉपला नसते. कार्डवाला असेल तर झूम टोकापर्यंत नेऊन परत आणावा, त्याची घरघर ऐकावी, आणि बाजूचा पडदा उघडून सावकाश पूर्ण फिरवावा. बिजागरीतून जाणारी पातळ तार झिजली असेल, तर ठरावीक कोनात पडदा क्षणभर पांढरा पडतो. विकणारा माणूस नेमका तोच कोन टाळून कॅमेरा दाखवतो.