महाशीर की जीटी: मासा लागत नसतानाचा हिशेब

सहा दिवसांच्या मासेमारीच्या सहलीत मासा प्रत्यक्ष दोरीला असतो तो वेळ सगळा मिळून अर्धा तास भरला, तरी सहल सार्थकी लागली म्हणायची. बाकी सगळा वेळ आपण टाकतो, ओढतो, गुंता सोडवतो आणि पाण्याकडे बघत बसतो. म्हणून ‘हिमालयातल्या नदीत महाशीरला जाऊ की अंदमानच्या समुद्रात जीटीला, म्हणजे जायंट ट्रेव्हली माशाला?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: मासा लागत नसताना तुम्हाला कुठे असायला आवडेल? समोरच्याला वाटतं, हा उत्तर टाळतोय. पण मी अंदमानला एकदा आणि महाशीरसाठी हिमालयातल्या पंचेश्वरला दोनदा जाऊन आलोय, आणि माझा निकाल याच प्रश्नावर लागला.

यादीत आणखी नावं होतीच. कावेरीचा महाशीर हे जुन्या अँगलर (हौसेने गळ टाकणाऱ्या) मंडळींचं पहिलं स्वप्न. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी 1946 मध्ये पकडलेल्या 120 पौंडांच्या माशाचा विषय अजूनही निघतो. पण तिथले अभयारण्यातले मासेमारीचे कॅम्प बंद झाले, आणि तिथला तो पाठीवर कुबड असलेला महाशीर आता अतिसंकटग्रस्त आहे, तेव्हा तो विषय माझ्यापुरता मिटला. मंगोलियातल्या ताइमेन या माशावर बरेच दिवस जीव अडकला होता. मात्र रिकाम्या हाताने परत आलो तर दुसऱ्यांदा जाणं काही व्हायचं नाही, हे मनाशी कबूल केल्यावर तोही बाजूला पडला. उरले दोन.

आधी जीटी, कारण माझ्या बाबतीत तोच आधी घडला. जायंट ट्रेव्हलीबद्दल जे जे ऐकलं असेल ते सगळं खरं आहे. पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारं तरंगतं खोटं आमिष, खडकाच्या कडेवर पडतो, आपण हिसका देतो, ‘भुडुक्’ असा आवाज होतो आणि त्यामागे पाण्यात काहीतरी काळसर सरकतं. मग पॉपर होता तिथे पाण्याला भोक पडतं. पुढची दहा सेकंदं तुमची नसतातच. मासा सरळ पोवळ्याच्या खडकाकडे वळतो आणि त्याला दहा मीटर दोरी दिलीत तर खेळ संपला. माझा पहिला मासा असाच गेला. जाडजूड लीडर (आमिषाजवळचा दोरीचा मजबूत तुकडा) हातात आला तो कानस मारल्यासारखा खरखरीत. दुसरा बोटीवर आला. कॅप्टनच्या अंदाजाने अठरा किलो. जागतिक विक्रम 72.80 किलोचा आहे, जपानच्या तोकारा बेटांजवळचा, 2006 सालचा. तेवढा मासा माझ्या खांद्यांना झेपला असता असं मला वाटत नाही.

खांद्यांचं बोलायलाच हवं. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा पॉपर, जड रॉड, ड्रॅग (दोरी सुटू देणारी रीलची पकड) जवळजवळ पूर्ण आवळलेला, आणि हेच दिवसभर. तिसऱ्या दिवशी सकाळी मला शर्टाचं वरचं बटण लावता येईना. पण अंदमानचा एक मोठा गुण मानावाच लागेल: जीटी रुसला तरी दिवस फुकट जात नाही. जिग (बुडणारं जड आमिष) खाली सोडा, खोल पाण्यातून काही ना काही वर येतं. आमच्या बोटीवरचा एक जण पूर्ण सहा दिवस जीटीविना राहिला, तरी माशांचे सात-आठ प्रकार बघून खुशीत परतला. नोव्हेंबर ते एप्रिल हा हंगाम. त्यातही अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस धरा, कारण भरती-ओहोटीचा ओढा जोरात असला की हा मासा अंगात आल्यासारखा वागतो.

आता महाशीर. पंचेश्वरला शरयू येऊन महाकालीला मिळते, पलीकडचा काठ नेपाळचा. महाकालीत हिमनद्यांचं पाणी, थंड आणि राखाडी. शरयू हिमनदीतून येत नाही, त्यामुळे तिचं पाणी जरा उबदार आणि नितळ. संगमाखाली बरंच अंतर ही दोन पाणी एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी चालतात, मधे शिवण घातल्यासारखी रेघ दिसते. सोनेरी महाशीर त्या रेघेवर असतो. अंगाने राखाडीत, तोंडाने नितळ पाण्याकडे, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली आहे. शास्त्राने ती बरोबर आहे की नाही हे सोडा, माझे तिन्ही मासे त्या रेघेच्या हातभर इकडेतिकडे लागले.

हो, तीनच. दोन सहली, बारा दिवस, तीन मासे. मोठ्यातला मोठा सात-साडेसात किलोचा असेल. आकड्यांवर जायचं तर महाशीर सपशेल हरतो. पण त्याची पहिली धाव बघायला हवी. उडी नाही, आरडाओरडा नाही. प्रवाहाच्या दिशेने एक सरळ रेघ, आणि रील रिकामी होत जाताना आपण निसरड्या दगडांवरून धडपडत त्याच्या मागे. याच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात, आणि तोंडाची पकड अशी की माझ्या स्पूनचा (चमच्यासारख्या धातूच्या आमिषाचा) तिहेरी गळ परत आला तेव्हा त्याचा एक काटा दुसऱ्यावर चेपून बसला होता. तो गळ मी अजून ठेवलाय.

नदीचा वैताग मी लपवणार नाही. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या दिवशी सकाळी तंबूबाहेर आलो तर नदी चहाच्या रंगाची. आमच्या डोक्यावर थेंब पडला नव्हता, पाऊस वर कुठेतरी डोंगरात झाला होता. गढूळ पाण्यात स्पून दिसत नाही, मासा हलत नाही, आणि करण्यासारखं काही उरत नाही. रोज सकाळी काठावर एक दगड लावायचा आणि पाणी किती उतरलं ते बघायचं. सहापैकी तीन दिवस असे गेले. सोबतचा मित्र तेव्हापासून महाशीरचं नाव काढत नाही आणि त्याला मी दोष देत नाही.

तरीसुद्धा माझा कौल अंदमानच्या विरोधात गेला तो एका क्षुल्लक गोष्टीमुळे. परत फिरण्याची वेळ.

अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. जानेवारीत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. आमची बोट दिवसाची, अंधाराआधी धक्क्याला लागलीच पाहिजे असा तिचा नियम, आणि खडक दीड तासावर. म्हणजे साडेतीनला इंजिन सुरू. आता ज्याने आयुष्यात दोन दिवस जरी गळ टाकला असेल त्याला माहीत आहे की ऊन कललं की काय होतं. दुपारभर मेल्यासारखं पडलेलं पाणी तीनच्या पुढे हलायला लागायचं, छोट्या माशांचे थवे पृष्ठभागावर शिंतोडे उडवायचे, आणि नेमकं तेव्हा कॅप्टन हात वर करून गोल फिरवायचा: आवरा. सहाही दिवस. चौथ्या दिवशी तर खडकाच्या टोकाशी जीटींची एक टोळी थव्यावर तुटून पडलेली आम्ही बघत होतो, आणि बोट त्यांच्याकडे पाठ करून निघाली होती. कॅप्टनचं चुकलं नाही. त्या पोवळ्यांच्या खडकांतून अंधारात बोट काढणं मलाही नको असतं. पण दिवसातला सगळ्यात चांगला तास रोज दुसऱ्याच्या घड्याळावर सोडून यायचा, हे मला काही केल्या पचलं नाही.

पंचेश्वरला तंबू ते पाणी शे-सव्वाशे पावलं. संध्याकाळी डोंगराची सावली पलीकडच्या काठावर चढत जाते, आणि कुणी ‘आवरा’ म्हणत नाही. माझा साडेसात किलोचा मासा असाच लागला, गळाची गाठ दिसेनाशी झाल्यावर, बोटांनी चाचपून बांधलेल्या गाठीला. सोडताना त्याला तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांत धरलं होतं. कल्ले नीट चालायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. मग शेपटीने एक धक्का दिला आणि हात रिकामे झाले. अंधारात तो गेलेला दिसलाही नाही. (हा मासा संकटग्रस्त यादीत आहे. तेव्हा बिनअडीचा, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेला, एकेरी गळ वापरा, आणि फोटोसाठी त्याला दगडावर आडवं टाकू नका. तिहेरी गळ मी त्या चेपलेल्या काट्यानंतर सोडले.)

आता हे सगळं माझ्या एका बोटीच्या अनुभवावर बोलतोय, हे ध्यानात घ्या. मुक्कामाची बोट मिळत असेल, समुद्रातच रात्र काढता येत असेल, तर माझी तक्रार निम्म्याने कमी होते. गुडघे कुरकुरत असतील तर नदीकाठच्या त्या शेवाळलेल्या धोंड्यांवर तुमचे हाल होतील, बोट बरी. बरोबरचे लोक रिकामा दिवस सहन करणारे नसतील तरीही अंदमानच. आणि बोट लागण्याचा त्रास असेल तर हा सगळा प्रश्नच तुमच्यासाठी नाही.

महाशीर ठरवलात तर मार्च धरा. पुढे एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळू लागलं की महाकाली फुगते. पाऊस संपल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबरही चांगला म्हणतात, मी दोन्ही वेळा मार्चमध्येच गेलो. बर्फाचं पाणी टाळायचं असेल तर रामगंगा आहे, ती दुधातोलीच्या रांगेतून येते, हिमनदीतून नाही. पावसाचा गढूळपणा मात्र तिथेही चुकत नाही. परवान्याची चौकशी जायच्या आधी करा, नदीच्या पट्ट्यापट्ट्याला नियम वेगळे असतात, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या आत गळ टाकता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जिने माझं पारडं थोडं खाली ओढलं असेल. पंचेश्वरला तीनशे मीटरहून उंच धरण बांधायचं भारत आणि नेपाळमध्ये 1996 च्या करारापासून चाललं आहे. ते अजून झालेलं नाही. झालं तर संगम, ती शिवणीची रेघ, माझे दगड, सगळं पाण्याखाली. अंदमानचे खडक बहुधा तिथेच राहतील.

तरी अंदमानचंच बुकिंग करणार असाल तर रॉड कुठला, लीडर किती पौंडांचा, हे नंतर विचारा. आधी विचारा, दुपारी बोट किती वाजता फिरते.