चार फुटी पंचिंग बॅग: लाथा मारणार असाल तर आधी वरची कडी बघा

गेल्या आठवड्यात राउंडहाउसचा, म्हणजे कडेने फिरवून मारायच्या लाथेचा, सराव चालू असताना बॅगेचा एक पट्टा शिलाईतून उसवला आणि तीसेक किलोचं ते धूड एका बाजूला लोंबकळायला लागलं. घेऊन वर्षही झालेलं नाही. माप, किंमत, कापड सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते परत लिहीत नाही. बॅग रिकामी येते आणि चिंध्या आपण भरायच्या, एवढं तुम्हाला माहीत असेलच.

सुरुवातीचे काही महिने मी हिच्यावर फक्त हात चालवले आणि तेवढ्यासाठी बॅग चांगली आहे, हे आधी सांगते. पहिल्या महिन्यात ‘बॅग फार झुलते’ म्हणून मी दोन तारे कापले होते. ते आता परत देते. बॅग लांबवर झुलत गेली तर ठोसा लागलेला नसतो, आपण तिला ढकललेलं असतं. क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारताना मागच्या पायाची टाच फिरली, कंबर वळली आणि हात लागताक्षणी मागे आला, की बॅग जागच्या जागी थरारते आणि आवाजही वेगळा येतो. जॅबचंही, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाचंही, तसंच. हात गेला त्याच रेषेत परत हनुवटीपाशी यायला हवा. तो खाली रेंगाळला तर झुलून परत येणारी बॅग लगेच अंगावर येते. क्लासमध्ये सर हे रोज सांगायचे, पण अंगात भिनवलं या बॅगेने. हूकसाठी कोपर काटकोनात ठेवून कडेने मारायला जागा भरपूर आहे. अपरकट मात्र असल्या सरळ, उभ्या बॅगेवर जोरात मारू नका. खालून वर जाणाऱ्या मुठीला समोर सपाट भिंत मिळते आणि मनगट दुमडतं. हाताला पूर्ण साडेचार मीटरची पट्टी आणि वर बारा औंसचे ग्लोव्हज असले तरी दुमडतं.

आता मुख्य तक्रार. या बॅगेला फिरती कडी नाही. चार साखळ्या, वर एक साधी कडी, ती थेट टांगायच्या हुकात. ठोसा बहुतेक समोरून लागतो, बॅग मागेपुढे होते, कडीला काही फरक पडत नाही. समोरून ढकलणाऱ्या फ्रंट किकनेही फारसं बिघडत नाही. पण राउंडहाउसमध्ये नडगी कडेने येते आणि नेमकी मध्यावर क्वचितच बसते. त्यामुळे बॅग स्वतःभोवती गरकन वळते. वर फिरती कडी असेल तर वळण तिथे जिरतं. इथे ते साखळ्यांत जातं. चारही साखळ्यांना पीळ बसतो, त्या आखूड होतात, पट्टे तिरपे ओढले जातात आणि शिलाईचा एकच काठ सगळा भार घेतो. माझी उजवी लाथ जास्त चालते, म्हणून पीळही कायम एकाच बाजूला. धागा टाक्याटाक्याने सुटत गेला. वर न बघता सराव करणाऱ्याला हे कळतही नाही. अडीच-तीनशे रुपयांची कडी वाचवायला सगळी बॅग धोक्यात घातली आहे, याचा मला मनापासून राग येतो.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की ही बॉक्सिंग बॅग आहे, लाथांनी झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. त्यांच्याच पानावर दुसरा फोटो बॅगेला लाथ मारणाऱ्या मुलाचा आहे आणि नावात ‘किकबॉक्सिंग’ लिहिलेलं आहे. तेही पाठवलं. मग पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. मला कूपन नको होतं, शिवलेला पट्टा हवा होता.

शेवटी इथे कोल्हापुरातच रिक्षाचं हूड शिवणाऱ्या मामांकडे बॅग नेली. त्यांनी पट्टा उलटा करून बघितला आणि म्हणाले, “ताई, ह्यात जीवच न्हाई. एकच शिलाई मारलीया, ती बी कडंला.” त्यांनी नायलॉनच्या जाड दोऱ्याने चौकोन शिवला आणि आत फुली मारली, म्हणजे ओढ कुठूनही आली तरी चारी बाजूंना वाटली जाते. उरलेले तीन पट्टेही तसेच करून घेतले. सगळे मिळून दोनशे रुपये. झोपाळ्याचं सामान मिळतं त्या दुकानात बेअरिंगची फिरती कडी मिळाली. घेताना ती किती किलो पेलते हे विचारा, आणि झुलत्या बॅगेचे झटके बॅगेच्या वजनापेक्षा बरेच जास्त बसतात हे धरूनच निवडा. आता लाथ बसली की बॅग फिरते, साखळ्या सरळच राहतात.

चिंध्या खाली बसतात आणि बूड दगडासारखं होतं, पण ते सगळ्याच बॅगांचं आहे. थराथराने दाबून भरा, अधूनमधून उपसा.

लांबीबद्दल मात्र माझं मत बदललंय. तुम्ही किकबॉक्सिंगमधला फुल कॉन्टॅक्ट हा प्रकार खेळत असाल तर चार फूट पुरतात, कारण ‘वाको’ या किकबॉक्सिंगच्या जागतिक संघटनेच्या त्या प्रकारात लाथा कमरेच्या वरच मारायच्या असतात. लो किक आणि के-वन या प्रकारांत मांडीवर नडगी मारता येते, आणि तिथे ही बॅग अपुरी आहे. मांडीच्या उंचीला आणण्यासाठी साखळी वाढवली तर डोक्याच्या उंचीचा जॅब बॅगेच्या वरून हवेत जातो. मी हल्ली सरावाच्या दिवसाप्रमाणे साखळीचे दुवे बदलते. चालतं, पण रोजचा त्रास आहे. लो किक शिकायची हे आधीच ठरलं असेल तर सहा फुटी घ्या. दोन बॅगांपेक्षा ती स्वस्त पडते.

कापडाला अजून एक भेग नाही, म्हणून तीन तारे. विक्रेत्याने खोक्यात फिरती कडी घालावी, नाहीतर लाथ मारणाऱ्या मुलाचा फोटो पानावरून काढावा. त्याआधी चौथा तारा मिळणार नाही.