कोसोवो की पूर्व तिमोर?
काल रामबागेत पोहे खाताना भाची म्हणाली, मामा, एमएच्या प्रोजेक्टला कोसोवो घेऊ की पूर्व तिमोर, दोन्हीकडे १९९९ पासून यूएनचंच राज्य होतं. बोलता बोलता पोह्यांवरची शेव मऊ पडली. कालावधी बघितला तर तिमोर सरळ, ऑगस्ट १९९९ च्या मतदानात लोकांनी इंडोनेशियापासून स्वातंत्र्य मागितलं आणि २० मे २००२ ला मिळालंही. कोसोवोत यूएन सुरक्षा परिषदेच्या ठराव १२४४ नं शेवट काय ते ठरवलंच नाही, २००८ मध्ये त्यांनी सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलं तरी यूएनचं मिशन अजून तिथंच. चलन? तिमोरला डॉलर, कोसोवोला आधी जर्मन मार्क.

टिकाऊपणात मात्र तिमोर फसवतं बरं का, २००६ मध्ये राजधानी दिली शहरात सैनिक-पोलीस एकमेकांवरच गोळ्या झाडत होते, घाईत उभं केलेलं असं उसवतं, फार वाईट वाटतं गं. सुरुवात-शेवट असलेली गोष्ट हवी तर तिमोर घे, अडकलेल्या राजकारणात रस असेल तर कोसोवो.