हुक काढल्यापासून: खेळण्यांच्या दुकानातला नवा ‘कलेक्टर कोपरा’, काही महिन्यांच्या अनुभवानंतर

गेल्या आठवड्यात पाच खेळण्यातल्या गाड्यांचा पॅक हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते आणि शेवटी तो जागेवर ठेवून निघाले. त्यातली मला एकच गाडी हवी होती. तीन माझ्याकडे दुसऱ्या रंगांत आहेत आणि पाचवी कुठल्याच खऱ्या गाडीवरून बनवलेली नाही; असली काल्पनिक मॉडेलं मी जमवत नाही. एका गाडीसाठी पाचांचे पैसे मोजणं मला मान्य नाही. सुटी गाडी मागितली तर दुकानात एकही नव्हती. या नव्या कोपऱ्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, त्या दिवशी घरी येऊन लिहायलाच बसले.

१:६४ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाएवढ्या गाड्या जमवणाऱ्यांना मेनलाइन काय आणि प्रीमियम काय हे सांगत बसत नाही; इतरांसाठी एवढंच की मेनलाइन म्हणजे कार्डावर सुटी मिळणारी साधी, स्वस्त गाडी आणि प्रीमियम म्हणजे तिच्याहून महागडी. दुकानाचं नावही देत नाही, कारण तक्रार एका दुकानापुरती नाही.

दुकानाचं नूतनीकरण झालं तेव्हा मला आनंदच झाला होता. मोठी माणसं स्वतःसाठी खेळणी घेतात, हे अखेर कुणीतरी मान्य केलं असं वाटलं. लेगोने २०२० मध्ये काळ्या खोक्यांतले १८+ संच आणले, तेव्हापासून हा बदल दिसतोच आहे. इथेही काचेची कपाटं आली, आत दिवे आले, मोठ्या मापाच्या गाड्या आल्या, हलत्या सांध्यांच्या महागड्या बाहुल्या आल्या. मांडणी देखणी आहे, आजही आहे. पहिल्या महिन्यात मी चार लोकांना सांगितलं की एकदा जाऊन बघा. पुढचा महिना गेला, त्यानंतरचाही गेला आणि कपाटात तेच संच त्याच जागी दिसत राहिले. ज्याला परवडतो तो एक संच घेतो आणि त्याचं काम संपतं. दर आठवड्याला जाऊन बघावं असं तिथे काही उरत नाही.

आता हुकांबद्दल. तुम्हाला वाटेल मी फार ताणतेय, पण माझ्या दृष्टीने या दुकानाचा सगळा निकाल हुकांवर लागतो. पूर्वी डाव्या भिंतीवर लोखंडी हुकांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक हुकावर एकामागे एक कार्डं टांगलेली असायची. एका बोटाने पुढची कार्डं बाजूला सारत मागपर्यंत जायचं. एकाच मॉडेलच्या तीन गाड्या मिळाल्या तर तिन्ही काढून शेजारी शेजारी धरायच्या. एकीवरची छपाई किंचित सरकलेली असते, दुसरीचं मागचं चाक तिरकं बसलेलं असतं, तिसरी ठीक असते पण तिच्या कार्डाचा कोपरा दुमडलेला असतो. कार्डासकट ठेवणारा दुसरी घेतो, फोडून कपाटात लावणारा तिसरी घेतो. ही निवड करायला पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ आणि नजर. माझ्यासारख्या मोजून खर्च करणाऱ्या माणसाला हा छंद इतकी वर्षं जमला तो या हुकांमुळे.

ट्रेझर हंटचं, म्हणजे कमी संख्येत निघणाऱ्या खास गाड्या शोधण्याचं, सगळं वेडही त्या हुकांवरच चालतं. हॉट व्हील्सने १९९५ मध्ये ही मालिका सुरू केली तेव्हा १२ मॉडेलं होती आणि प्रत्येकाच्या फक्त १०,००० गाड्या. २००७ पासून त्यात ‘सुपर’ आल्या, रबरी टायरच्या आणि खास रंगाच्या. आजही त्या नेहमीच्या मेनलाइन गाड्यांत मिसळून, त्याच किमतीला येतात. मागच्या कार्डाआड एखादी असेल, या आशेवर लोक अख्खी भिंत चाळतात आणि ती नाही मिळाली तरी दुसरं काहीतरी घेऊनच निघतात. भिंतच नसेल तर चाळायचं काय?

हुक का काढले असं मी विचारलं. उत्तर आलं, “मॅडम, माल हलत नव्हता.” हे उत्तर मला अजूनही छळतं, कारण माल हलत होताच. मेनलाइनचं खोकं साधारण ७२ गाड्यांचं असतं आणि आत मिश्रण असतं. काही मॉडेलं एकेकच, काही चार-पाच. नवी कास्टिंग (नव्या साच्यातली मॉडेलं) आणि जपानी गाड्या पहिल्याच दिवशी उचलल्या जातात, त्यातही फेरविक्रेते दार उघडताना हजर असतात. मागे राहतात त्या कुणालाच नको असलेल्या गाड्या. हुक त्यांनीच भरलेले राहतात, म्हणून आम्ही त्यांना पेगवॉर्मर म्हणतो. आणि दुकानाच्या संगणकात या सगळ्यांची नोंद एकच! कुठली गाडी गेली आणि कुठली लटकून राहिली हे त्याला दिसतच नाही, एकूण आकडा तेवढा दिसतो. चाळीस शिल्लक आहेत म्हटल्यावर नवं खोकं मागवलं जात नाही. नवं खोकं नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही, आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून हुक काढले जातात. पडून राहिलेल्या गाड्या कमी किमतीत एका टोपलीत टाकल्या असत्या तर महिन्याभरात भिंत मोकळी झाली असती. मी तसं सुचवलंही होतं.

हुकांच्या जागी आता पाच-पाच गाड्यांचे पॅक आहेत आणि त्यांच्या शेजारी ब्लाइंड बॉक्सची दोन मोठी कपाटं. पॅकबद्दल वर लिहिलंच आहे: चार गळ्यात मारून एक देण्याचा व्यवहार. सुटं, स्वस्त, खिशात मावणारं खेळणं हाच या छंदाचा पाया आहे. लेस्नी या ब्रिटिश कंपनीचे जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून त्यांनी तिच्यासाठी एक चिमुकला रोडरोलर केला. त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्स उभी राहिली. हॉट व्हील्सनेही १९६८ मध्ये सुरुवात केली ती १६ सुट्या गाड्यांनी. आज दोन्ही नावं मॅटेल या खेळणी कंपनीकडेच आहेत आणि दोन्हींच्या सुट्या गाड्या अजून बनतात. दुकानाने त्या ठेवायच्या की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ब्लाइंड बॉक्सचा मला मनापासून राग येतो. आत काय आहे ते न बघता पैसे द्यायचे, नको ते निघालं तर पुन्हा द्यायचे. लेगोच्या छोट्या आकृत्या २०१० पासून मऊ पाकिटांत यायच्या, तेव्हा निदान बाहेरून चाचपून टोपी कुठली, तलवार कुठली हे ओळखता यायचं. त्यात कौशल्य होतं, लोक ते एकमेकांना शिकवायचे. २०२३ मध्ये पाकिटं जाऊन पुठ्ठ्याची खोकी आली आणि बोटांना काही कळेनासं झालं.

हॅस्ब्रो या खेळणी कंपनीनेही प्लॅस्टिक कमी करायचं म्हणून आपल्या संग्राहक मालिकांतल्या आकृत्यांच्या खोक्यांची खिडकी काढून टाकली होती. पर्यावरणाचं कारण मला पटतं, पण चेहरा छापील असतो आणि प्रत्येक नगाची छपाई वेगळी पडते, तो न बघता कसा घ्यायचा? बंद खोक्यांत आतली आकृती बदलून परत केल्याच्या तक्रारीही खूप झाल्या. शेवटी २०२३ मध्ये कंपनीने खिडकी परत आणत असल्याचं जाहीर केलं, तीही पुनर्वापरातल्या किंवा जैविक स्रोताच्या प्लॅस्टिकची. संग्राहक बोलले म्हणून ते झालं. एका दुकानाच्या भिंतीबद्दलही बोलून उपयोग होऊ शकतो, असं मला त्यामुळेच वाटतं.

नंतरची भर: वरचा मजकूर लिहून मी तो दोन-तीन दिवस तसाच ठेवला होता आणि पाचपैकी दीड तारा द्यायचं ठरवलं होतं. तेवढ्यात मी दुकानात दिलेल्या लेखी विनंतीवर फोन आला की शनिवारी सकाळी या. गेले. पैसे भरायच्या काउंटरच्या बाजूला हुकांची एक रांग परत लावली होती आणि तिथल्या एका मुलीने आमच्यासमोर सीलबंद खोकं उघडलं. माणशी तीनच गाड्या, आणि आधी लहान मुलांनी निवडायच्या, असा तिने स्वतःच नियम केला होता. फेरविक्रेत्यांपैकी एकाने वाद घातला, ती हलली नाही. सातेक वर्षांच्या एका मुलाने त्यातली सगळ्यात चांगली गाडी उचलली आणि मला जराही वाईट वाटलं नाही. मलाही दोन मिळाल्या, दोन्ही नीट पारखून घेतलेल्या. इतक्या महिन्यांत या दुकानातून इतक्या आनंदात मी बाहेर पडले नव्हते.

म्हणून कर्मचाऱ्यांना पूर्ण गुण. निवडीला अजूनही निम्मेच. रांग एकच आहे, पुढचं खोकं कधी येणार हे कुणी नक्की सांगत नाही, आणि त्या रांगेत आताच एका मॉडेलची कार्डं साचायला लागली आहेत. ती वेळेवर काढली नाहीत तर पुन्हा “माल हलत नाही” ऐकावं लागेल.

ऑनलाइन घ्या असं सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रीमियम गाडी आगाऊ नोंदवायची असेल तर ठीक, मीही नोंदवते. मेनलाइन मात्र तशी घेऊ नका. एका गाडीवर गाडीपेक्षा पाठवणीचा खर्च जास्त होतो, कार्ड वाकून येतं आणि चाक तिरकं निघालं तर परत पाठवण्यात आणखी पैसे जातात. २००९ मध्ये केबी टॉइज ही दुकानसाखळी बंद झाली, २०१८ मध्ये टॉइज आर असची अमेरिकेतली दुकानं बंद झाली, तेव्हा तिथल्या संग्राहकांनी केवळ दुकान गमावलं नाही, निवडून घेण्याची जागाही गमावली. जी दुकानं उरली आहेत त्यांच्याशी म्हणूनच भांडत राहायला हवं.

तुमच्या ओळखीच्या दुकानात हुक काढायचं घाटत असेल तर आत्ताच लेखी द्या. पडून राहिलेला माल टोपलीत घालून कमी किमतीत काढावा, खोकं उघडायचा दिवस आधी कळवावा, माणशी मर्यादा ठेवावी, या तीन गोष्टी मागा. तोंडी सांगून काही झालं नव्हतं, कागद दिल्यावर फोन आला.

तारे: पाचपैकी तीन. दुसरी रांग लागली तर साडेतीन करेन, आणि पाचांचे पॅक मी तरीही घेणार नाही.