रानवाटेसाठी घोडी: सारंगखेड्याच्या बाजारातली की धनगराच्या वाड्यावरची?

डोंगरवाटांनी, बांधाबांधानं फिरायला घोडी घ्यायची, तर आमच्या पुणे-साताऱ्याकडच्या माणसाला दोन ठिकाणं सुचतात. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा सारंगखेड्याचा बाजार, नाहीतर भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या धनगराकडचं भीमथडी तट्टू. मी दोन्हीकडं हिंडलो, दोन्हीकडच्या जनावरांवर बसून पाहिलं आणि शेवटी तट्टाची मादी घेतली. तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही बाजू मांडतो.

बाजाराचं मोठं सुख म्हणजे निवड. राजस्थान, गुजरात, पंजाबपासून व्यापारी येतात. मारवाडी, काठेवाडी घोड्या शेजारी शेजारी उभ्या करून बघता येतात. रेवाल चालीची, म्हणजे न हिंदकळता झपाझप चालणारी घोडी सपाट रस्त्यावर अशी जाते की पाठीला हिसका म्हणून बसत नाही. ते सुख तट्टावर नाही, हे मान्य. पण बाजारात किंमत ठरते रंगावर, देवमणावर (गळ्यावरचा शुभ मानलेला केसांचा भोवरा), नाचावर. नाच शिकवलेल्या घोडीला मान वर खेचून धरायची सवय लागलेली असते. दगडगोट्यांच्या उतारावर जनावरानं मान खाली सोडून पाय कुठं पडतोय ते बघायला हवं. ही सवय सुटते, पण वेळ घेते.

माझा निर्णय मात्र दुसऱ्याच गोष्टीनं झाला. बाजारात मी बसून पाहिलेल्या बहुतेक घोड्या रिकिबीत पाय ठेवला की निघायच्या. तिथं हे लक्षात येत नाही, कारण एकजण लगाम धरतो, दुसरा तुम्हाला वर चढवतो. रानात धरायला कोण आहे? काटेरी कुंपणाचा झाप बाजूला करायला उतरा, ओढ्यात पाणी पाजायला उतरा, घसरडी उतरण पायी उतरा. दर वेळी पुन्हा चढायचं, तेही तिरक्या जमिनीवरून. एक पाय रिकिबीत, दुसरा हवेत आणि घोडी चालू लागलेली, हे मला अजिबात चालणार नव्हतं.

धनगराच्या तट्टावर आख्खं बिऱ्हाड लादतात: भांडी, अंथरुणं, कोंबड्या, वर नुकतं जन्मलेलं कोकरू. दोऱ्या आवळून होईपर्यंत त्याला उभं राहावंच लागतं. मी घेतलेली घोडी खोगिराचा पट्टा कसताना कान मागं करते, पण मी वर बसून लगाम हातात घेईपर्यंत पाय हलवत नाही. नाल नसतानाही मुरमावर खुंटत नाही.

तट्टाच्या उणिवाही सांगायला हव्यात. उंची साधारण 130 सेंटिमीटर, मारवाडीपेक्षा वीतभर कमीच. खोगिरासकट स्वाराचं वजन जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत असावं असा ठोकताळा आहे. अंगानं भारी माणसानं मोठीच घोडी घ्यावी. पाठ आखूड, त्यामुळं तयार खोगीर बसेलच असं नाही. पाठीवर हात फिरवून पांढऱ्या केसांचे ठिपके शोधा, तिथं कधीतरी ओझ्यानं जखम झालेली असते. खालची कातडी मऊ असेल आणि दाबल्यावर घोडी दचकत नसेल, तर मी अडून बसणार नाही. शिवाय दिवाळीच्या तोंडावर वाडे, म्हणजे धनगरांचे फिरते तळ, कोकणाकडं निघतात, तेव्हा कामाचं जनावर कुणी सोडत नाही. मेंढरं परतल्यावर विचारा.

दात आणि खूर दोन्हीकडं सारख्याच बारकाईनं बघा, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखलाही दोन्हीकडं मागा.

आणि किंमत बोलण्याआधी मालकाला बाजूला उभं राहायला सांगा. लगाम सैल सोडून उताराच्या बाजूनं एकट्यानं चढा, उतरा, पुन्हा चढा. बाजारातली एखादी घोडी यात उभी राहिली तर तिची उंची आणि चाल बघता तीच घ्या म्हणेन. मला तशी भेटली नाही.