कूलंटच्या विषबाधेचा रिपोर्ट: आकडा चोख, वेळेचा रकाना गायब

रेडिएटरमधलं कूलंट पोटात गेलेल्या पेशंटच्या रक्तातलं इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं विषारी द्रव्य) मोजून देणाऱ्या सांगलीतल्या एका खासगी लॅबच्या सेवेबद्दल हे लिहितोय. पाचपैकी साडेतीन तारे.

चांगली गोष्ट आधी. तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) होते आणि रिपोर्टवर दोन्ही एककं छापलेली असतात. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला ६.२ ने भागलं की मिलिमोल प्रति लिटर येतं. म्हणजे १२४ चे झाले २०. हाच २० कुणी मिलिग्रॅम समजून वाचला, तर गंभीर विषबाधा अँटिडोट (विषावरचा उतारा) सुरू करायच्या उंबरठ्यावरची वाटते. डायलिसिसचंही तसंच. जुन्या पुस्तकांतली मर्यादा ५० मिलिग्रॅमची. २०२३ च्या एक्स्ट्रिप (विषबाधेत डायलिसिस कधी करावं हे सुचवणारा तज्ज्ञगट) शिफारशींत फोमेपिझोल हा अँटिडोट चालू असताना ५० मिलिमोलच्या वर डायलिसिस सुचवलंय, म्हणजे ३१० मिलिग्रॅम. आकडा तोच, फरक सहापट.

आता खटकणारं. सोबत छापलेला ऑस्मोलल गॅप, म्हणजे रक्तात विरघळलेल्या कणांचं मोजलेलं प्रमाण (ऑस्मोलॅलिटी) आणि सूत्रानं काढलेलं प्रमाण यांतला फरक, चुकीचा येतो. आपल्याकडच्या लॅब ब्लड युरिया देतात, पण सूत्रातला २.८ हा भाजक युरिया नायट्रोजनसाठी आहे. युरियाला ६ ने भागायचं. सोडियम १४० ची दुप्पट, साखर १०८ भागिले १८, युरिया ३६ भागिले ६ घ्या: २८० + ६ + ६ = २९२. मोजलेली ऑस्मोलॅलिटी ३१८ असेल तर गॅप २६. रिपोर्टवर मात्र १९ दिसतो, कारण युरियाचे ६ ऐवजी १३ धरले जातात. किडनी बसून युरिया चढला की ही चूक आणखी फुगते. पेशंटनं दारूही घेतली असेल तर इथेनॉल मिलिग्रॅममध्ये मोजून, ४.६ ने भागून बेरजेत धरावं लागतं. त्यासाठी रिपोर्टवर जागाच नाही.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे कूलंट कधी प्यायलं आणि रक्त कधी काढलं, हे लिहायला रकाना नाही. उपचाराविना ग्लायकॉल साधारण तीन ते पाच तासांत निम्मं होतं, पण ते कुठं जात नाही, त्याचं ग्लायकोलिक आम्ल बनतं. पहिल्या तासांत ऑस्मोलल गॅप मोठा आणि बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार) ठीक. पुढं हा गॅप उतरतो आणि ॲसिडोसिस (रक्तातली आम्लता) चढतो. उशिरा आलेल्या पेशंटचा १५ मिलिग्रॅमचा रिपोर्ट बघून निश्चिंत होऊ नका. पीएच आणि ॲनायन गॅप (रक्तातल्या क्षारांच्या हिशेबातली तफावत, आम्ल साठलं की वाढते) बघा. ॲनायन गॅप २७ च्या वर असेल तर आकडा कितीही असो, डायलिसिसचा विचार लगेच करायचा.

एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता तपासणाऱ्या) मशिनवर लॅक्टेट अफाट आलं तरी जपून, काही मशिनं ग्लायकोलेटलाच (त्याच ग्लायकोलिक आम्लाचं रूप) लॅक्टेट समजतात. दुसऱ्या पद्धतीनं एकदा तपासून घ्या.

रात्री फोनवर आकडा लगेच कळवतात, हे खरंच मोलाचं. एकक मात्र सांगत नाहीत. ते विचारून, केसपेपरवर वेळेसकट लिहून घ्या.