साताऱ्याच्या उन्हात बिघडलेली रॅम आणि नव्या जोडीचे आठ महिने

गोडोलीतल्या घरी मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. संगणकात आय५-१०४०० प्रोसेसर, एच४१० मदरबोर्ड आणि १६ जीबी रॅम, म्हणजे काम चालू असताना माहिती तात्पुरती ठेवणारी मेमरी. गेल्या मे महिन्यात त्यात किंग्स्टनच्या व्हॅल्यूरॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या बसवल्या. प्रकार डीडीआर४, वेग ३२००, सीएल२२ (प्रतिसादाला लागणाऱ्या वेळेचा आकडा). तुळशीच्या लग्नानंतरची सगळी लगीनघाई त्यांच्यावर निघाली, म्हणून आता लिहिते. नवी रॅम कशी आहे हे चार ओळींत सांगून होईल. जुनी बिघडलीय हे कळायला मात्र तीन महिने गेले आणि त्यात काही फोटो कायमचे हातचे गेले. ते आधी सांगायला हवं.

फेब्रुवारीत फोटोशॉप मध्येच बंद पडू लागलं. मग आठवड्यातून एकदोनदा निळी स्क्रीन, दर वेळी वेगळा संदेश: कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट'. दुरुस्तीवाल्याने फॉरमॅट मारून विंडोज टाकून दिलं. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग एसएसडी बदलली. तरी तेच. दोन वेळा कॅबिनेट उघडलं, पण रॅमला कुणी हात लावला नाही.

एप्रिलमध्ये एका हळदीचे फोटो कार्डावरून उतरवले. त्यातल्या अकरा फोटोंचा वरचा भाग नीट आणि खाली रंग विस्कटलेले, आडव्या पट्ट्या पडलेल्या. जेपेगमध्ये माहिती एकामागोमाग दाबून भरलेली असते. मध्ये एखादा बिट, म्हणजे ० किंवा १ एवढा माहितीचा सर्वांत लहान तुकडा, उलटला की पुढचं सगळं घसरतं. मी कार्डाला दोष दिला, आणि कार्ड तर तोवर रिकामं होऊन दुसऱ्या लग्नाला गेलं होतं. पाच क्षण पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये सापडले. उरलेल्या सहांत नवरीला हळद लावणारी तिची आजी होती. तिचा चेहरा वरच्या भागात शाबूत होता, तेवढाच कापून लहान चौकटीत बसवला. नवरीच्या घरच्यांना खरं कारण सांगितलं, तेव्हा आवाज निघत नव्हता.

भाचा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, "आत्या, तू एकच फोल्डर तीनदा कॉपी कर आणि सर्टयुटिलने हॅश काढून बघ." ही कमांड विंडोजमध्येच असते. फाइलचा ठसा घेते म्हणा ना. फाइल जशीच्या तशी असेल तर ठसा बदलत नाही. माझ्या तीन प्रतींपैकी एकीत दोन फोटोंचे ठसे वेगळे आले. तेव्हा खरी भीती वाटली. कॉपी होताना फाइल रॅममधून जाते, तिथे चुकलेला बिट डिस्कवर तसाच लिहिला जातो, आणि बॅकअपही त्याच वाटेने जातो. म्हणजे निळी स्क्रीन निदान ओरडून सांगत होती. हे नुकसान गुपचूप चाललं होतं.

विंडोजच्या स्वतःच्या मेमरी चाचणीने 'दोष नाही' म्हटलं. मग भाच्याने मेमटेस्ट८६+ हा फुकट मिळणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून दिला. माझ्याकडे तो चालायला बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट हे सुरू होतानाचं सुरक्षा-कुलूप बंद करावं लागलं. रात्री लावला तर पहिला पास, म्हणजे चाचणीची एक पूर्ण फेरी, स्वच्छ. दुसऱ्या दिवशी भर दुपारी लावला आणि अर्ध्या तासात लाल ओळी. हवा होता तो आकडा आणि सापडला तो आकडा, फरक एकाच बिटाचा, पत्ताही बहुतेक तोच.

दुपारीच का, हे कळल्यावर सगळा उलगडा झाला. १६ जीबीत सुमारे १३,७४४ कोटी बिट असतात. प्रत्येक बिट म्हणजे विजेचा भार साठवणारा एक सूक्ष्म कप्पा, आणि तो सतत गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरला जातो. उष्णता वाढली की गळती वाढते, आणि दुबळा कप्पा तेवढाही वेळ तग धरत नाही. माझी खोली पत्र्याखाली. रात्री बिघाड लपायचा.

पुढचं काम सोपं, पण चिकाटीचं. एकेक पट्टी एकटीच लावून बोर्डावरच्या दोन्ही खाचांत तपासली. एक पट्टी दोन्हीकडे चुकली, दुसरी दोन्हीकडे स्वच्छ निघाली. म्हणजे बोर्ड ठीक होता. चुकणाऱ्या पट्टीचे सोनेरी पाय खोडरबरने पुसूनही बघितले, फरक पडला नाही.

नवी जोडी मी स्वतः बसवली. प्लग काढला, बंद संगणकाचं बटण दाबून उरलेली वीज घालवली, कॅबिनेटच्या धातूला हात लावला. पट्टीची खाच मधोमध नसते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. जुळवून दोन्ही टोकं 'खट्' होईपर्यंत दाबायची. पहिल्यांदा चालू केल्यावर बराच वेळ स्क्रीन काळी राहिली. घाबरू नका, बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो.

आता नवीबद्दल. आठ महिन्यांत एकही निळी स्क्रीन नाही. मे महिन्यात भर दुपारी चार पास केले, तुळशीच्या लग्नाआधी पुन्हा चार. दोन्ही वेळा शून्य चुका. वेग २६६६ दाखवतो, कारण हा प्रोसेसर तेवढाच देतो. ३२०० दिसत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. पट्ट्या १.२ व्होल्टच्या, वर उष्णता पसरवणारं आवरण नाही, आणि माझ्या कामाला त्याची गरजही पडली नाही. कमी पडते ती क्षमता. चाळीस पानांचा अल्बम उघडला की १६ जीबी भरून जातात आणि बोर्डाला खाचा दोनच. तेव्हाच १६च्या दोन घ्यायला हव्या होत्या. आता किमती फार चढल्यात.

जुन्या पट्टीचं बिल सापडलं म्हणून वॉरंटीत बदलून मिळाली. तिचेही चार पास केले, मगच ती मुलीच्या संगणकात लावली. आणि आता हॅश जुळल्याशिवाय फोटोग्राफरला कार्ड परत देत नाही, तो दारात उभा असला तरी.